पुस्तकातलं पिवळं पाणी

शुक्र. ता. १६ जाने.

सगळ्यात आधी आली ती पोस्टातली शैला. चारचं हळदीकुंकू, बाई साडेतीनलाच दारात, नवी साडी नेसून. म्हणे नळाला पाणी आलं नाही म्हणून लवकर निघाले. नळाचा न साडीचा काय संबंध, मला काही कळलं नाही. तिच्या मागनं दूधवाल्याची सून, मग वरच्या आळीतल्या चौघी एकदम. आमची मंगल अजून केसच विंचरत होती. सुनेचं हे नेहमीचं, घर आरशासारखं ठेवील पण स्वतःला उशीर.

मला कुंकू लावत नाहीत. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी आपली स्वैपाकघरात तिळाच्या वड्या ताटात लावत बसलेली. तर शैला आत आली, म्हणाली, "काकू, मागं दुकानात रुपया गायब केला हुता तसं दाखवा की समद्यांना." हाताला धरून बाहेर नेलं. रुपया जवळ नव्हता, वडीच घेतली. उजव्या हातातली डाव्यात दिल्यासारखं केलं, फुंकर मारली, मूठ उघडली, आत काही नाही. मग शैलाच्या कानामागनं वडी काढली. दूधवाल्याच्या सुनेनं तीनदा परत करायला लावलं. एक जण म्हणाली, "आमच्या ह्यांला गायब करा, संध्याकाळपुरतं." हसून हसून ताट सांडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हळदीकुंकवाच्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसले. लय बरं वाटलं.

रेश्मा आली नाही. लग्नानंतरची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने मंगलनं आठवडाभर बसून केलेले, तसेच डब्यात. रेश्मा माझ्या लेकीची लेक. लेक गेली, बापानं दुसरं लग्न केलं, पोरगी सात वर्षांची असल्यापासून इथंच वाढली. तिचं माहेर म्हणजे हे घर. पोटुशी आहे, सहावा महिना चालू. बायका गेल्यावर तिच्या सासूचा फोन आला. "डोळं पिवळं झाल्यात तिचं. कावीळ हाय. औषध चालू केलंय, काळजी करू नगा." कुठलं औषध म्हणून विचारलं, तर मजूर जेवायला आल्यात म्हणून फोन ठेवला.

शनि. ता. १७

दुकानात गिऱ्हाईक नाही. पुस्तक काढून बसले.

हे पुस्तक मला रद्दीत मिळालं. शेंगदाणे, गूळ बांधायला रद्दी किलोवर घेतो त्यात. पुठ्ठा नाही, नाव नाही, पानं हळदीसारखी झालेली. मला कळलं तोवर मीच मधली बरीच पानं पुड्यांना लावून बसले होते. म्हणून काही जादू अर्ध्याच आहेत. दोरीची गाठ आपोआप सुटते ती येते, पण बांधायची कशी ते कुणीतरी फुटाण्याबरोबर खाऊन टाकलं. माझं शिक्षण चौथी. एक पान वाचायला मला अर्धा दिवस लागतो, पण बोटं चांगली आहेत. जन्मभर वाती वळल्या. रुपया तळव्याच्या गादीत धरून ठेवायचा, हात सैल दिसला पाहिजे. हे मला चार दिवसांत जमलं.

पुस्तकात लिहिलंय, सतत बोलत राहावे, म्हणजे प्रेक्षकाचे लक्ष हाताकडे जात नाही. मंगलला वाचून दाखवलं. म्हणाली, "ते तर तुमाला पुस्तकाबिगार येतंय, आत्या."

उपकेंद्रातली सिस्टर साबण घ्यायला आली. तिला रेश्माचं सांगितलं. तिनं साबण खाली ठेवला. म्हणाली पोटुशी बाईला कावीळ झाली तर एक दिवस थांबायचं नाही, रक्त तपासायचं, दवाखान्यात ठेवायचं. आई न लेकरू दोन्हीला धोका. झोपेतनं उठेना, बरळायला लागली, तर कावीळ डोक्यात गेली समजा. तिकडं मिरज जवळ आहे, लगेच न्यायला सांगा.

तीन फोन केले. सासू म्हणाली, झोपलीय. जावई सचिन फौजेत, वर कुठंतरी बर्फात, फोन लागत नाही.

सोम. ता. १९

रेश्माला बघून आले. सकाळच्या पॅसेंजरनं भिलवडीपर्यंत, पुढं वडापच्या जीपनं. गाडीत एक बाई भेटली, लोणंदची, कांद्याचं सांगत होती. चांगली होती बाई.

त्यांच्या घरी द्राक्षं उतरायचे दिवस. अंगणात खोकी, कात्र्या, मजुरांची धावपळ. रेश्मा आतल्या खोलीत. डोळे बघवेनात. नखंसुद्धा पिवळी. अंगाला खाज, अन्नावर वासना नाही. मला बघून म्हणाली, "आजी, रुपया आणलायस का?" तिच्या उशीखालनं रुपया काढून दाखवला. हसली. म्हणाली, "चोर हायस तू. परत कर."

तेवढ्यात तो बाबा आला. कावीळ उतरवणारा. तासगावकडचा आहे, त्यांच्या घरात त्याचा लय मान. सासरे आप्पा स्वतः पाट मांडायला उठले. त्यानं तिचे हात स्वतःच्या ओल्या हातांनी कोपरापासून चोळले, काहीतरी पुटपुटला. मग पितळी परातीवर हात धरायला लावले न लोट्यातलं पाणी ओतलं. पाणी लोट्यात पांढरट होतं. तिच्या हातावरनं परातीत पडलं ते पिवळंधमक. सासूनं हात जोडले. "बगा की किती निघाली. मागच्या सोमवारी एवढी नव्हती."

खरं सांगायचं तर मला आधी आनंदच झाला. मी त्याच्या हाताकडं बघत होते, लोट्याकडं नाही. सगळी माणसं लोट्याकडं बघत होती. मनात म्हटलं, वा रे गड्या, काय सफाई आहे. मग रेश्माच्या तोंडाकडं बघितलं न लाज वाटली.

तो गेल्यावर मी विषय काढला. आजच मिरजेला नेऊ, मी राहते तिच्याजवळ. आप्पा म्हणाले, "आजी, उतारा चालू हाय. मधीच इंग्रजी गोळी पोटात गेली की उलटतं. माझ्या भावजयीचं तसंच झालं." सासू वाईट नाही. पायाला तेल लावत होती तिच्या. भिते. वरनं तो बाबा सांगतो तसं वागते.

निघताना रेश्मा कानात म्हणाली, "आजी, हाताला चिकाचा वास येतोय. कैरी उतरताना येतो तसा."

मंगळ. ता. २०

सापडलं. पान ६१. पाण्याचा रंग पालटणे. लिहिलंय, चुन्याची निवळी घ्यावी, ती पाण्यासारखीच दिसते. दुसऱ्या हातास आधीच पुढील वनस्पतीच्या सालीचा रस लावून वाळवावा, आणि. पुढचं पान नाही. पुड्यांना गेलं.

पण रेश्मानं सांगितलं होतं ना. लेकाला, सुरेशला, शाळेमागच्या आंब्याची साल आणायला पाठवलं. पोरगा कुरकुरला, टेंपोची खेप सोडून साली सोलायला लावते म्हणाला, पण आणली. आधी मला धीर निघाला नाही म्हणून हळद करून बघितली. लाल झालं, कुंकवासारखं. बाभळीची केली, मळकट झालं. मग आंब्याची ठेचली, रस काढला, मंगलच्या हाताला चोळला. चुना खायचाच, दुकानातला, सकाळपासनं भिजवून वरचं पाणी घेतलं होतं. ओतलं.

पिवळंधमक. त्या बाबापेक्षा चांगलं.

मंगल घाबरून हात बघत बसली. म्हटलं, अगं तुला काही झालं नाही, तीच तर गंमत आहे. कावीळ नसली तरी पिवळं निघतं. मी एवढी खुशीत, चहा दोनदा प्याले. वाटलं संपलं. हे त्यांना दाखवलं की आप्पा गाडी काढतील.

सिस्टर विचारायला आली होती, नेलं का. म्हटलं, उद्या-परवा नेतील.

गुरु. ता. २२

आप्पा न सासू आज आले. मीच बोलावलं होतं, संक्रांतीचं वाण न्या म्हणून. वाणाला नाही म्हणत नाहीत. रेश्माला जावेजवळ ठेवून आले.

चहा झाला. म्हटलं, आप्पा, हात दाखवा. सतत बोलत राहिले, द्राक्षाचा भाव, सचिनची रजा, असलं तसलं. बोलता बोलता ओल्या हातानं त्यांचे हात पुसले. मग परात, मग पाणी. पिवळं पडलं. सुरेश दारात उभा, मंगल पदर तोंडाला लावून.

म्हटलं, "बगा आप्पा. तुमाला कावीळ हाय का? न्हाई. तरी पिवळं. ही हातचलाखी हाय. आंब्याची साल न चुना. तुमचा बाबा हेच करतोय. पोरीच्या अंगातली कावीळ अंगातच हाय, तिला आजच दवाखान्यात न्या."

आप्पा परातीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मलाबी हुती. अंगात हुती, कुणाला दिसली न्हाई. दोन महिनं अंग मोडून येतंय ते ह्यापायी."

म्हटलं, अवं नाही, तुम्हाला काही नाही. तर म्हणाले, "आता कशी ऱ्हाईल? तुमी काढली की."

सासू उठली न माझ्या पाया पडली. वयानं फार लहान नाही माझ्यापेक्षा. मी पुस्तक आणलं, पान ६१ दाखवलं, हे बघा, छापलेलं आहे. त्यांनी वाचलंच नाही. पुठ्ठा नाही, पानं पिवळी, ती म्हणाली पोथी आहे. पुस्तकाला कपाळ लावलं. मी साल दाखवली, चुना दाखवला. आप्पा म्हणाले, "औषध कळून काय हुतंय, हाताला गुण लागतोय. बाबाचं पाणी एवढं पिवळं न्हाई निघत."

मंगलनं स्वतःचे हात पुढं केले, म्हणाली माझंपण निघालं होतं मंगळवारी, मला कुठं कावीळ होती. सासूनं तिच्या डोळ्याखाली बोट लावून बघितलं. म्हणाली, "बरं झालं बाई येळंत काढली."

ते गेल्यावर सुरेश किती वेळ हसत होता. मग हसायचा थांबला.

शुक्र. ता. २३

सकाळी सुरेश म्हणाला, "आई, सारखं न्हाई न्हाई करू नको. त्यांना वाटतंय तुझ्याकडं इद्या हाय, तर असू दे. हो म्हण. उतारा माझ्याच घरात हुतो म्हण. पोरगी एकदा ह्या उंबऱ्याच्या आत आली की तासाभरात मी तिला साताऱ्याला दवाखान्यात नेतो. मग काय शिव्या घालायच्या त्या घालू देत."

मला पटलं. खोटं आहे, पण पटलं. दुपारी सासूचा फोन आलाच. "आजी, आमच्या रेश्माचं तुमीच बगा. बाबाला आमी सांगतो काय सांगायचं ते." म्हटलं बघते. पण उतारा इथंच व्हायचा. सात दिवस ती माझ्याकडं. हे बरोबर बोलले, एवढंच बोलायला हवं होतं.

ती म्हणाली, पथ्य काय? म्हटलं सासरच्या माणसानं सात दिवस तोंड बघायचं नाही. हेपण कामाचंच, दवाखान्यात कुणी भांडायला येणार नाही. ती लगेच हो म्हणाली. मग मला जोर चढला. कसं सांगू, ती तिकडं एकेक शब्द झेलत होती, असं कुणी माझं कधी ऐकलं नाही. म्हटलं, मीसुद्धा आधी तिचं तोंड बघायचं नाही, बघितलं तर पाण्याचा गुण जातो. का म्हणाले मी हे? तो बाबा असलंच काही बोलला असता म्हणून. आणि ती म्हणाली, वार कंचा? माझ्या तोंडातनं गेलं, गुरुवार. दत्ताचा वार, भारदस्त वाटला. ती म्हणाली, "कालच गुरुवार झाला. मग म्होरला." म्हटलं, हां, म्होरला.

फोन ठेवल्यावर मंगलनं बोटं मोजली. सहा दिवस.

लगेच उलटा फोन लावला. जाऊ उचलते, म्हणते बागेत गेल्यात. परत लावला. परत तेच.

शनि. ता. २४

दुकानात सकाळीच एक बाई, कोरेगावकडची, काखेत पोरगी. डोळे पिवळे. शैलानं सांगितलं म्हणे. म्हटलं मला काही येत नाही, सरकारी दवाखान्यात जा, मी चिठ्ठी देते सिस्टरच्या नावानं. ती उभीच. "एवढ्या लांबनं आले, एकदा हात धुवा की." धुतले नाहीत. ती रडत गेली. दवाखान्याच्या बाजूला गेली का स्टँडच्या, दुकानातनं दिसत नाही.

शैलाला बोलले. ती म्हणाली, "चांगलंच सांगितलं की मी, काकू. वाईट काय सांगितलं?"

सुरेश टेंपो घेऊन रेश्माकडं जाऊन आला. एकटाच. मामाचा मान म्हणून जेवायला वाढलं, पोरीला बाहेर काढली नाही. आप्पा म्हणाले, "तुझ्या आईनंच वार दिलाय. वाराआधी उंबरा वलांडला न कमीजास्त झालं, तर सचिनला काय तोंड दावू?" सुरेशनं सगळं खरं सांगितलं, आईनं खोटं सांगितलं तुम्हाला. तर आप्पा हसले. म्हणे ज्याच्या हाताला गुण असतो तो असंच म्हणतो, मला काही येत नाही.

दारातनं दिसली तेवढी दिसली. उठून बसली नाही, हाक मारली तर बघितलं नाही, सुरेश म्हणाला. जेवला नाही इथं आल्यावर.

सिस्टरनं तिकडच्या आशाताईचा नंबर काढून फोन केला. ताई घरी जाऊन आली, तिला ओसरीवर चहा दिला. आत सोडली नाही. उद्या मोठ्या मॅडमना घेऊन परत जाते म्हणाली. पण उद्या रविवार, परवा झेंडावंदनाची सुट्टी. तिनंच सांगितलं.

रवि. ता. २५

आप्पा न सासू आज दुपारी परत आले. रेश्माला न घेता. मी आधी गाडीत डोकावले, मागची सीट रिकामी, नारळ न खोकंभर द्राक्षं. पाण्याला काय काय लागतं ते विचारायला आले होते.

म्हटलं, ती कशी आहे. सासू म्हणाली, "आता तरास न्हाई. खाज थांबली, दिसभर झोपतीया. तुमी बगणार म्हटल्यापासनं शांत झाली. काल मला आई म्हणून हाक मारली, कवा न्हाई ते." सासूच्या डोळ्यांत पाणी, आनंदाचं. मग म्हणाली, "पर तिच्या सोताच्या आईचं नाव घिऊन. यसोदे, पाणी दे म्हणाली."

यशोदा माझी लेक. तिला जाऊन चौदा वर्षं झाली. रेश्मा आईला कधी नावानं हाक मारत नव्हती.

मंगल आत सिस्टरला फोन लावायला पळाली. मी आप्पांना म्हटलं, आता निघू, ह्या क्षणी, तुमच्याच गाडीत, मी येते, तिथनं मिरज. आप्पा म्हणाले, "तुमी तोंड बगायचं न्हाई ना आधी."

म्हटलं ते खोटं होतं. सगळं खोटं. वार खोटा, पथ्य खोटं. मी साल आणून त्यांच्या पुढ्यात टाकली. पायावर हात ठेवला त्यांच्या, मी, थोरल्या माणसानं. आप्पा मागं सरकले, "असं करू नगा, आमाला पाप लागंल." सासू मंगलला म्हणत होती, "लय जीव हाय ओ नातीवर, म्हनून घाबरल्यात."

मग म्हटलं, बरं, वार बदलते. मीच दिला तर मीच बदलते. आज रविवार, आजचाच वार धरा. हे मला कालच सुचायला हवं होतं. आप्पांनी विचार केला, खरंच केला, मान खाली घालून. सुरेश श्वास धरून उभा होता. मग म्हणाले, "बाबाला इचारलं हुतं आमी. तो म्हणला, आजीनं वार दिला असंल तर त्यो मोडू नगा, दोगांच्या पाण्याचा दोष लागंल." आता तोपण माझीच साक्ष काढतो.

सुरेश गाडीच्या पुढं आडवा उभा राहिला. आप्पा रागावले नाहीत. त्याला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते. सुरेशनं त्यांचा हात झटकला. म्हणाला पोलिसात जातो. आप्पा म्हणाले, जा. कुणाच्या नावानं लिहिणार, आईच्या?

ते बसले गाडीत. सुरेश टेंपो काढून त्यांच्या मागनंच गेलाय, मंगलपण बसली शेजारी. सिस्टरनं १०८ ला कळवलंय, तिकडचे लोक घरी जाऊन बघतील म्हणाले, पण घरच्यांनी हो म्हटलं पाहिजे. सचिनच्या युनिटचा नंबर मंगलला मिळालाय, तिथं निरोप ठेवलाय, फोन आला नाही. मला नेलं नाही. सुरेश म्हणाला, "तू आलीस तर ते तुझ्याच पाया पडत बसतील."

दुकान उघडं आहे. कोरेगावच्या बाजूची अजून दोघं-तिघं पायरीवर बसलीत, पोरांना घेऊन. उठत नाहीत.

आप्पा गाडीची काच खाली करून मला सांगून गेले ते लिहून ठेवते. गुरुवारी, ता. २९, सकाळी लवकर, रेश्माला घेऊन येतो. तयारीत राहा म्हणाले.